अडीचकी

आमच्या गावात माणसं चाळीस हजार.
मिशिगन राज्य मात्र लाखाच्या मापानं मोजतं,
म्हणून इथं एक मेला
की तक्त्यात अडीच मरतात.

मी लॉरेटा पिकेट. पोलिस ठाण्याच्या तळघरात
सव्वीस वर्षं ही अडीचकी घोकते आहे.
एक अडीच अडीच, बे अडीच पाच,
तीन अडीच साडेसात...
त्या वर्षी मार्चच्या आतच साडेसात भरले होते
आणि नदीवरचा बर्फ अजून फुटला नव्हता.

पलीकडच्या गावाचा आकडा शून्य,
घासूनपुसून पालथ्या घातलेल्या बशीसारखा.
आमची फाउंड्री बंद पडली तेव्हा
ज्यांना जमलं ते पूल ओलांडून तिकडे गेले.
जाताना आमच्यातून स्वतःला वजा करून गेले.
माणसं घटली की दर वाढतो.
गोळी एकही जास्त सुटलेली नसते.

क्विन्सी ऑडमचा फॉर्म मीच भरला.
वय एकोणीस. हत्यार पिस्तूल. ठिकाण रस्ता.
मारणाऱ्याशी नातं: अनोळखी.
तिथं माझा हात थांबला.
दोघं एकाच संघात बेसबॉल खेळलेले,
एकाच न्हाव्याच्या खुर्चीत, उशीवर उशी ठेवून बसवलेले.
पण चौकशीत कुणी तोंड उघडलं नाही,
आणि मला जे ठाऊक असतं
ते लिहायला फॉर्मवर जागा नसते.

चर्चच्या पायरीवर त्याची आई वर्लीन म्हणाली,
"लाखात एक होता गं माझा."
माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं,
अडीच, वर्लीन. लाखात अडीच.
गिळलं.
अजून घशाखाली पुरतं उतरलेलं नाही.

उन्हाळ्यात खिडकीशी एक जोडपं आलं.
घर घ्यायचं होतं, बाईला सातवा महिना.
"गाव सुरक्षित आहे ना?"
मी छापील कागद पुढे सरकवला. मला तेवढीच मुभा.
नाही सांगितलं, की पेट्रोल दिवसाउजेडी भरा,
कोपऱ्यावरच्या पंपावर नको;
की नव्या वर्षाच्या रात्री इथं आभाळात गोळ्या झाडतात,
तेव्हा पोरांना न्हाणीघरातल्या टबात निजवायचं,
टब जुना, बिडाचा असला तर उत्तम,
खाली दोन रजया.
आणि हेही नाही सांगितलं,
की अकरा हिवाळे
माझ्या दारापुढचा बर्फ पहाटे कुणीतरी उपसून जातं.
कोण, ते मला अजून कळलेलं नाही.
त्याला रकाना नाही.

यंदा दर अडीचनं उतरला.
महापौरांनी केक कापला, वर निळं आइसिंग.
माझा तुकडा कागदी बशीतून तळघरात आला.
खाता खाता मी हिशेब उलटा मांडला.
अडीच म्हणजे एक.
एक जण मेलेला नाही.

कोण?

तेव्हापासून शोधते आहे.
लाँड्रीत मोज्यांच्या जोड्या जुळवत बसलेला तो का?
की औषधांच्या रांगेत, आजीची चिठ्ठी घेऊन
माझ्यापुढे उभा होता तो?
त्याला स्वतःलाच ठाऊक नसणार.
त्याच्यासाठी केक कापला गेला
आणि त्याला बोलावणंही नव्हतं.

काल बसथांब्यावर एक पोरगा.
कानात गाणी, बुटाची नाडी सुटलेली.
"नाडी बांध," मी म्हटलं.
त्यानं एका कानातलं काढलं. "काय?"
"नाडी."
"हो आँटी," म्हणत तो वाकला.
मानेवर केसांची रेघ नुकतीच कोरलेली,
कातडीवर पावडर अजून तशीच.